लग, पक्कड आणि एक काळा ठिपका

मुरबाड तालुक्यातील एका शाळेत गेलो होतो. पाण्याचा पंप मधूनच बंद पडतो, अशी गुरुजींची तक्रार होती. मेन स्विच बंद करून वायरमनने झाकण उघडले. एका तारेच्या टोकावरचे लग काळे पडले होते, शेजारचे प्लास्टिक वितळले होते. लग साध्या पकडीने चेपून बसवलेले होते. ओढून पाहिले तर तार निघेना! मग बिघडले कुठे?

त्यासाठी थोडा इतिहास पाहू. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या कल्याण-इगतपुरी लोहमार्गावर १९३० साली विजेची गाडी धावू लागली. त्या काळी तारा जोडायच्या म्हणजे पीळ द्यायचा, डाख द्यायचा किंवा स्क्रूखाली आवळायच्या. दुसऱ्या महायुद्धात विमाने आणि जहाजांसाठी असे असंख्य सांधे झटपट हवे होते. डाख द्यायला उष्णता, वेळ आणि सरावलेला हात लागतो. १९४१ साली अमेरिकेत यू. ए. व्हिटेकर यांनी स्थापलेल्या कंपनीने नुसत्या दाबाने बसणारी लग पुढे आणली.

आपल्याकडे १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले. पुढे खेडोपाडी वीज गेली ती मुख्यतः ॲल्युमिनियमच्या तारांतून, कारण तांबे महाग. पण ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो. धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, हा थर मात्र २००० अंशांच्याही पुढे. शिवाय तो विद्युतरोधक. त्यामुळे साधा डाख धरत नाही. स्क्रूखाली हा मऊ धातू हळूहळू दबतो आणि सांधा सैल होतो.

स्वीडनचे राग्नार होल्म यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात विद्युत संपर्कांचे सविस्तर विवेचन केले. दोन धातू एकमेकांना टेकलेले दिसले, तरी प्रत्यक्षात ते मोजक्या सूक्ष्म ठिपक्यांवरच भिडतात. पुरेसा दाब दिला की थर फुटतो आणि असे ठिपके वाढतात. पकडीने लग चपटे होते, पण आत पोकळी उरते. सांध्याचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह १० अँपिअर असेल, तर १० × १० × ०.१ म्हणजे १० वॅट उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत निर्माण होते. काळ्या ठिपक्याचे कारण हेच.

म्हणून तार, लग आणि हत्याराची खाच एकाच मापाची हवी. प्लास्टिकच्या बाहीच्या लगांत लाल ०.५ ते १.५, निळे १.५ ते २.५ आणि पिवळे ४ ते ६ चौरस मि.मी. तांब्याच्या तारेसाठी असते. ॲल्युमिनियमला त्याचेच लग घ्यावे. रॅचेटचे हत्यार घ्यावे. पुरता दाब बसल्याशिवाय ते उघडतच नाही. डाख देणाऱ्याच्या हातातले कसब असे हत्यारात उतरले आहे.

वर्गात करून पाहा. बॅटरी आणि छोटा दिवा जोडून त्यातील प्रवाह एका सांध्यातून जाऊ द्या आणि सांध्याच्या दोन बाजूंमधले मिलिव्होल्ट मोजा. मग पकडीने चेपलेला आणि हत्याराने दाबलेला, असे दोन सांधे आळीपाळीने लावा. ओढून न कळणारा फरक मीटर सांगेल. घरातील विजेवर मात्र हा प्रयोग कधीही करू नये.