सुप्याची होळी आणि सिनेमाचं कार्ड

मंडळी, परवा यवत स्टँडवर चहा घेताना ओळखीच्या एका पोराने विचारलं, "दादा, सिनेमाचं एका तिकिटावर एक फुकट देणारं क्रेडिट कार्ड कोणतं घ्यावं?" पोरगा नुकताच नोकरीला लागलाय. मला मात्र आधी सुपं आठवलं.

चौफुल्यावरून मोरगावच्या रस्त्याला लागलं की सुपं येतं. आज ते बारामती तालुक्यात, तेव्हा हा सगळा भाग भीमथडी. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर, घरांवर तुटून पडले. त्यांना मुख्यतः हवे होते कागद. खतं, चोपड्या, जे हाती लागलं त्याची होळी केली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. कारणं आधीची होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपल्यावर कोसळला, सारा वाढला होता, आणि सावकाराने हात आखडता घेतला.

सरकारने चौकशी आयोग नेमला. साहेबलोकांत एक मत फार लाडकं होतं, की कुणबी लग्नं-सणांच्या उधळपट्टीने बुडतो. आयोगाने तपासलं आणि म्हटलं, या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. रक्कम बहुधा मोठी नसायची, ती फुगायची व्याजाने. पुढे १८७९ च्या कायद्याने कोर्टाला खतामागचा मूळ हिशेब उकरायचा अधिकार मिळाला. (आजही कुणी कर्जात अडकला की आपण आधी त्याच्या पोरीच्या लग्नातला मांडव मोजतो, ही सवय साहेबाचीच!)

आता कार्ड. त्याचा जन्मच मौजमजेतला. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला, तो हॉटेलातल्या जेवणाच्या बिलांसाठी. पण त्यात महिन्याचं बिल पूर्ण भरावं लागे. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियात जे कार्ड काढलं, त्यात थोडं भरा, बाकी पुढे ढकला, अशी सोय आली. सोय म्हणजे व्याज आलंच. आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली कार्ड आणलं.

आज बऱ्याच कार्डांवर बाकी राहिली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. आपल्या भाषेत, शेकडा साडेतीन रुपये महिना. वर्षाला ४२ टक्के. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वर व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला.

म्हणून त्या पोराला कागदावर हिशेब मांडून दिला. समजा कार्डाची फी १,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १,१८०. एका फुकट तिकिटाची सवलत २०० धरली, तर सहा सिनेमे बघेपर्यंत फक्त फी वसूल. आणि एका महिन्याला १० हजार बाकी राहिले, तर ३५० व्याज, त्यावर ६३ जीएसटी. दोन तिकिटं तिथेच गेली. 'किमान रक्कम' भरली म्हणून व्याज थांबत नाही, आणि नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. त्यामुळे सिनेमाची ऑफर शेवटी बघायची. आधी फी, मग व्याजाचा दर, मग सवलतीची मर्यादा, म्हणजे महिन्याला किती तिकिटं, किती रुपयांपर्यंत.

एक नियम सगळ्यांनीच लक्षात ठेवा. कार्ड बंद करायचा अर्ज दिला आणि बाकी काही नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार सात कामाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. नाहीतर बँकेने दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे.

पोराने बोटं मोजली. वर्षभरात हडपसरला जाऊन त्याने चार सिनेमे पाहिलेत. "आणि यात्रेतला तमाशा, दादा?" म्हणाला. तो वर्गणीतून होतो बाबा, त्याला कसलं आलंय कार्ड.