एकटीचं नवल, चौघींची वाट

सीपीआर दवाखाना माहीत नाही अशी बाई कोल्हापूर जिल्ह्यात सापडायची नाही. कधी बाळंतपणासाठी, कधी सासऱ्यांच्या आजारपणासाठी आपण तिथली पायरी चढलेल्या असतो. या दवाखान्याचं जुनं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. 1886 साली इथल्या स्त्रियांच्या विभागाचा कारभार पाहायला कोल्हापूर संस्थानानं एका एकवीस वर्षांच्या बाईची नेमणूक केली होती. त्या म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी.

त्याच वर्षी 11 मार्चला अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली होती. पण त्या मायदेशी परतल्या त्या आजारी होऊनच. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. कोल्हापूरच्या कामावर त्या रुजू होऊच शकल्या नाहीत.

पुढे त्याच दवाखान्यात डॉक्टर कृष्णाबाई केळवकर काम करू लागल्या. त्यांच्या आई रखमाबाई केळवकर कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं काम बघत होत्या आणि त्यांना राजर्षी शाहू महाराजांचा पाठिंबा होता. म्हणजे कृष्णाबाईंच्या घरातच शिकलेली, दुसऱ्यांना शिकवणारी बाई होती. आनंदीबाईंच्या पुढे मात्र कुणीच चाललेलं नव्हतं. हा फरक लक्षात ठेवा, कारण आजचं आमचं बोलणं त्यावरच आहे.

झालं असं, की आमच्या गटाला मागे एका मेळाव्याचं बोलावणं आलं. मोबाईल, संगणक, शेतीची नवी यंत्रं चालवणाऱ्या बायका तिथं जमणार होत्या. गटातून दोघींनी जायचं होतं. तेव्हा आमच्यातल्या एक काकी म्हणाल्या, “रोज बुडवायचा, गाडीभाडं मोडायचं, आणि तिथं जाऊन मिळायचं काय? नुसती भाषणं?” प्रश्न खोटा नव्हता. त्याचं उत्तर शोधायला आम्ही थोडं मागं वळून बघितलं.

आपल्या महाराष्ट्रात बायका परिषद भरवायला लागल्या त्याला शंभर वर्षं कधीच उलटून गेली. 1904 साली मुंबईत भारत महिला परिषद भरली आणि तिच्या अध्यक्षा होत्या रमाबाई रानडे. जानेवारी 1927 मध्ये पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्षस्थानी होत्या. विषय एकच होता, मुलींचं शिक्षण. भाषणं झालीच, पण काम तिथं थांबलं नाही. या परिषदेच्या खटपटीतून 1932 साली दिल्लीत मुलींचं लेडी आयर्विन कॉलेज उभं राहिलं.

आता यंत्रांच्या दुनियेकडे येऊ. मद्रासच्या ए. ललिता यांचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. अठराव्या वर्षी त्या विधवा झाल्या, तेव्हा पदरात चार महिन्यांची मुलगी होती. त्यांचे वडील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी लेकीला तिथंच विजेच्या अभियांत्रिकीला घातलं. सगळ्या कॉलेजात ही एकटीच मुलगी आणि वसतिगृहातही एकटी. मग वडिलांनी काय केलं? मुलींनाही इथं प्रवेश मिळतो, हे त्यांनी सगळीकडे कळवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. त्रेसिया या दोघी आल्या. एकीच्या तिघी झाल्या आणि तिघींनीही पदवी मिळवली. ललिताबाईंनी पुढे भाक्रा नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांचं काम केलं.

1964 साली न्यूयॉर्कला महिला अभियंता आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ललिताबाई तिला गेल्या. आपल्या देशात तेव्हा महिला अभियंत्यांची संघटना नव्हती, म्हणून त्या कुणाच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या नाहीत, स्वतःच्या नावानं गेल्या. पुढे हीच परिषद दर काही वर्षांनी वेगवेगळ्या देशांत भरत राहिली आणि 1981 साली सहावी परिषद आपल्या मुंबईत झाली. तोवर ललिताबाई हयात नव्हत्या.

मधल्या काळात आपल्याकडेही वाट रुंदावत होती. शकुंतला भगत मुंबईच्या व्हीजेटीआयमधून 1953 साली स्थापत्य अभियंता झाल्या. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी मिळून सुट्या भागांतून जोडायच्या लोखंडी पुलांची पद्धत तयार केली. तसे पूल हिमालयातल्या अवघड जागीही उभे राहिले. तरीही 1974 साली एका मोठ्या मोटार कारखान्याच्या नोकरीच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. ते वाचून सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड लिहिलं. त्यांना मुलाखतीला बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली. पण प्रत्येक मुलीनं एकेक पोस्टकार्ड लिहायचं म्हटलं, तर किती पिढ्या लागतील?

म्हणून संस्था लागतात. महर्षी कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रमाची संस्था काढली. हिंगण्याच्या झोपडीतून वाढलेल्या त्याच संस्थेनं 1991 साली पुण्यात मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. 1973 साली मुंबईत भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन झाली. शिकल्यासवरलेल्या शास्त्रज्ञ बायका एकत्र आल्या, आणि त्यांनी वाशीला काय काय उभं केलं बघा. त्यात पाळणाघर आहे आणि नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आहे. प्रयोगशाळेतल्या बाईची अडचण आणि शेतात खुरपणाऱ्या बाईची अडचण एकच निघाली, लेकरू ठेवायचं कुणाजवळ! ही गोष्ट एकटी बाई साहेबाला सांगायला लाजते. पण दहाजणी जमल्या की आपोआप बोलली जाते.

अमेरिकेतही तेच घडलं. ग्रेस हॉपर या गणिती बाईंनी संगणकाला माणसांच्या भाषेजवळ आणण्याचं मोठं काम केलं. त्यांच्या नावानं 1994 साली अनिता बोर्ग आणि टेली व्हिटनी यांनी संगणक क्षेत्रातल्या बायकांचा मेळावा सुरू केला. पहिल्या वर्षी पाचशे जणी जमल्या. 2010 पासून तो मेळावा बंगळुरूतही भरू लागला.

आता आपल्या दारात येऊ. 2023 साली नमो ड्रोन दीदी योजना जाहीर झाली. पंधरा हजार बचत गटांना औषध फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलं. किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त आठ लाख रुपये अनुदान. ड्रोन गटाच्या नावावर येईल, पण तो उडवणार कोण? आमच्याच गटात मोबाईलवर हप्त्याची नोंद करायची वेळ आली, की “पोराला हाक मारा” असं म्हणायची सवय होती. पैसे आपले, सही आपली आणि बोट मात्र पोराचं.

शेवटी त्या मेळाव्याला आमच्या दोघी गेल्या. परत येऊन त्यांनी भाषणांबद्दल फारसं सांगितलं नाही. दुसऱ्या तालुक्यातली एक साठीची बाई गटाचा सगळा हिशोब स्वतः मोबाईलवर ठेवते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. “ती करते तर आपल्याला काय धाड भरलीय?” असं दोघी म्हणाल्या. पुढच्या बैठकीत नोंदी त्यांनीच केल्या. दोन चुकल्या, त्या पुसून पुन्हा केल्या. पोराला हाक मारली नाही.

काकींच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तिथं मिळालं. मैत्रिणींनो, असं बोलावणं तुमच्या गटाला आलं, तर दरवेळी अध्यक्ष आणि सचिवच जायच्या असं करू नका. जी मोबाईलला हात लावायला घाबरते तिला पुढं करा, आणि तिच्या जोडीला आणखी एक द्या. गाडीभाडं गटानं काढावं. आमच्या गटानं पुढच्या खेपेला काकींचं नाव लिहिलंय.