जागल्या आणि पाचवा कॅमेरा

तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशा हे गाव आपल्यापैकी बहुतेकांना दोन कारणांनी ठाऊक असते. केदारेश्वर-पुष्पदंतेश्वराच्या देवळांमुळे लाभलेले ‘दक्षिण काशी’ हे बिरुद हे पहिले. आणि १९५५ साली बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात येथे सापडलेली ताम्रपाषाणयुगीन वस्ती हे दुसरे. आम्हीही त्या पांढरीच्या ओढीनेच तेथे गेलो होतो. लिहावेसे वाटले ते मात्र ज्या घरी उतरलो तेथल्या एका क्षुल्लक प्रसंगाविषयी.

त्या घराला चार कॅमेरे होते : दारावर, अंगणात, गोठ्यात आणि जिन्यावर. यजमानांना पाचवा हवा होता, मागच्या गल्लीकडे तोंड असलेला. बसवणारा तरुण आला, त्याने डीव्हीआरची पेटी उलटी करून पाहिली आणि सांगितले, चार चॅनेलच्या पेटीत पाचवी वायर जाणार नाही. आठ चॅनेलची घ्यावी लागेल. शिवाय हार्ड डिस्क तीच ठेवली आणि पुढेमागे चाराचे आठ कॅमेरे झाले, तर साठणारे दिवस साधारण निम्म्यावर येतील. डोळे वाढवले की स्मरणशक्ती आखडते, हा हिशेब आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटला. यजमानांनी मात्र मोठी डिस्कही मागवली.

या पाचव्या डोळ्याला खानदेशात एक पूर्वज आहे. त्याचे नाव जागल्या. गावगाड्यावर लिहिणारे पाटील-कुलकर्ण्यांवर पाने खर्चतात आणि जागल्याला दोन ओळींत उरकतात, ही आमची जुनी तक्रार आहे. रात्री गस्त घालणे, परक्या माणसाची वर्दी पाटलाला देणे, चोरी झाल्यास पावलांचा माग काढणे ही त्याची कामे; मोबदल्यात धान्य किंवा जमीन. खानदेशात हे काम पुष्कळ गावी भिल्लांकडे असे. माग ज्या गावाच्या शिवेत शिरे, त्या गावाने तो पुढे काढून द्यायचा. तेथेच विरला तर चोरीची जबाबदारी त्या गावावर. आपण समीक्षक मंडळी ‘मागोवा’ हा शब्द किती सहज वापरतो! त्याच्या तळाशी धुळीत उमटलेले पाऊल आहे.

पण जागल्या म्हणजे केवळ डोळा नव्हे. तो गावाचा ऋणको नव्हता, गाव त्याचे देणेकरी होते. हक्क बुडाला की राखणारा हातच लुटू लागे. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हा डोंगरवाटांवर हेच चालले होते. कॅप्टन ब्रिग्ज यांनी बंदोबस्तासाठी फौजा तर धाडल्याच, पण घाटवाटा राखणाऱ्या नाईकांना नेमणुकाही बांधून दिल्या. १८२५ साली औट्रम यांनी भिल्लांचीच पलटण उभारली. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. राखणदारी जातीला जखडलेली होती, आणि ज्याच्यावर पहाऱ्याची भिस्त त्याच्यावरच पहिला संशय, हा अन्याय तिच्या पोटातच होता. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गाववतने संपली, ते योग्यच झाले. तथापि एक गोष्ट नोंदवायला हवी. गावाला जागल्याचे नाव ठाऊक होते आणि तो काय पाहतो, कुणाला सांगतो, हेही.

आता जरा दूर जाऊ. घरगुती कॅमेऱ्याची आद्य कल्पना न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या कृष्णवर्णीय परिचारिकेची मानली जाते. कामाच्या वेळा अवेळी, पोलीस येणार उशिरा. पती इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ. दोघांनी १९६६ साली पेटंटचा अर्ज केला, १९६९ साली ते मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीची चार छिद्रे आणि त्यांमागे वरखाली सरकणारा एकच कॅमेरा, अशी ती योजना. चित्र आतल्या खोलीत दिसे, बाहेरच्याशी बोलता येई, दूरूनच दार उघडता येई. म्हणजे ‘आणखी कॅमेरे’ हा प्रश्न जन्मतःच होता; त्यांनी कॅमेरे न वाढवता छिद्रे वाढवली. आणि ती सर्व छिद्रे आपल्याच दाराला होती. पाहिला जाई तो दाराशी आलेला माणूस, आणि त्याला विचारता येई, कोण आहे?

गल्लीकडे वळलेला कॅमेरा कुणालाच काही विचारत नाही. तो दाराशी न आलेल्यांनाही टिपतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. २०२५ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने, एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, सहनिवाशाच्या संमतीवाचून राहत्या भागातले कॅमेरे चालवण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. याउलट २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा निव्वळ घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला स्वतःच्या कक्षेबाहेर ठेवतो. भिंतीआत भाऊ भावाला अडवू शकतो; भिंतीबाहेरच्या शेजारणीने कोणत्या कलमाकडे जावे?

ती शेजारीण संध्याकाळी आलीच. तरुण शिडीवर चढून कॅमेऱ्याचे तोंड ठरवत होता. “भाऊ, आमचा ओटा दिसतो का त्याच्यात?” तिने यजमानांना विचारले. यजमान क्षणभर घुटमळले, मग तिला आत बोलावून त्यांनी पडदाच दाखवला. ओटा दिसत होता. त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, बाज, तिची सून. तरुणाने पेटीतल्या कुठल्याशा सोयीने चित्रावर काळा चौकोन ओढला आणि तो ओट्याएवढा ताणला. सून नाहीशी झाली. शेजारीण बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत होती. मग म्हणाली, “आणि हा चौकोन काढता कुणाला येतो?”

तरुणाने यजमानांकडे पाहिले.