अबोल मुलांची नोंद



पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगिजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणून त्यांची गणना नव्या काबिजादीत. त्या राजवटीत इकडे सरकारी शाळा थोड्या. मनोविकारांसाठी पणजीस आल्तिनोवर आबे फारियाच्या नावाचे इस्पितळ झाले, तेही अगदी उशिरा. (फारिया आपल्या कांदोळीचा, संमोहनविद्येचा आद्य अभ्यासक!) तेथे नेत ते घर डोक्यावर घेणाऱ्या माणसास. कोपऱ्यात बसून एकच चाक तासन् तास फिरवणाऱ्या मुलास कोण नेणार?

अशा 11 मुलांचे वर्णन अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 1943 साली प्रसिद्ध केले. आपण त्या अवस्थेस आज स्वमग्नता म्हणतो. 1961 साली गोवा मुक्त झाला आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. घराबाहेरचे कोणी मुलाकडे रोज पाहू लागले, ते तेव्हापासून. परंतु गुरुजींजवळ शब्द दोनच होते, ‘हट्टी’ आणि ‘मंद’. कायद्याजवळ तरी कोठे होता? 1995 च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नता नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि 2016 च्या कायद्याने अपंगत्वाच्या यादीत तिला स्थान दिले.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील पाच ठिकाणांपैकी एक उत्तर गोवा होते. 2 ते 9 वर्षांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात सुमारे एक आढळले. गोवा व रावळपिंडी येथे 65 कुटुंबांबरोबर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2016 साली आले: तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जाऊन आईबापांना साहाय्य करू शकतात, असे त्यातून दिसले. मला हे फार मोलाचे वाटते.

मात्र या दोन्ही कामांत मुले लहान होती. आज सोळा-अठरा वर्षांचा मुलगा आरोग्य केंद्रात येतो तो उदासी किंवा संताप घेऊन. औषध त्यावर मिळते. त्यामागे स्वमग्नता आहे काय, हे पाहायचे राहून जाते. ते पाहायचे तर मुलगा तीन वर्षांचा असताना हाकेला वळून बघे का, बोटाने वस्तू दाखवी का, इतर मुलांत मिसळे का, हे विचारावे लागते, आणि तेही आईला, घरच्या कोकणीत. घरी कोकणी, शाळेत मराठी, पुढे इंग्रजी. अशा मुलाचे न बोलणे भाषेच्या माथी मारणे फार सोपे असते. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख मिळते, शाळा सोडल्याचे कारण मिळते. हे मिळत नाही. क्वचित एखाद्या निवृत्त बाईंना मात्र ते मूल मधल्या सुट्टीत कोठे उभे राही, तेही आठवते.