नवा पीसी गेम पहिल्यांदा खेळताना अडखळतो का? दोष तुमच्या ग्राफिक्स कार्डचा नसेलही

अडीच-तीन हजार रुपये मोजून नवा गेम घेतला. ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे, रॅम भरपूर आहे, गेम एसएसडीवर टाकलाय. पहिली काही मिनिटं झकास जातात. मग पहिला मोठा स्फोट होतो आणि चित्र क्षणभर गोठतं. दार उघडून नव्या खोलीत गेलात की पुन्हा झटका. गंमत म्हणजे तोच भाग दुसऱ्यांदा खेळला की सगळं सुरळीत!

अशा वेळी बहुतेकांना वाटतं की आपला पीसी कमी पडतोय. काहीजण तर थेट नव्या कार्डाच्या किमती बघायला लागतात. पण हा त्रास महागड्या कार्डावरही होतो. त्याचं नाव आहे शेडर कम्पायलेशन स्टटर. तो का होतो, गेम बनवणाऱ्यांकडे त्यावर कोणते उपाय आहेत आणि आपण काय करू शकतो, हे समजून घेऊ.

शेडर म्हणजे काय?

शेडर हा ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्रॅम असतो. पाण्यावर प्रकाश कसा चमकेल, भिंतीवर सावली कशी पडेल, धूर किती दाट दिसेल, हे सगळं शेडर ठरवतो. एका मोठ्या गेममध्ये असे हजारो शेडर असतात.

ही संख्या एवढी का वाढते? समजा एका मटेरियलला चालू-बंद होणारे १० पर्याय आहेत. सावली हवी की नको, धुकं हवं की नको, पृष्ठभाग ओला की कोरडा, असे. त्यांच्या सगळ्या जोड्या धरल्या तर एकाच मटेरियलचे १,०२४ प्रकार होतात. गेममध्ये अशी शेकडो मटेरियल असतात.

विंडोजवरच्या गेमसाठी शेडर साधारणपणे एचएलएसएल या भाषेत लिहितात. गेमसोबत आपल्याकडे येतं ते त्याचं अर्धवट भाषांतर, म्हणजे सगळ्या कार्डांना चालेल असं मधलं रूप. शेवटचं भाषांतर आपल्याच पीसीवर, ग्राफिक्स ड्रायव्हर करतो. कारण एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल यांच्या चिपची भाषा वेगळी. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांची भाषाही वेगळी असू शकते.

मग झटका कुठून येतो?

गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवत असेल तर एका फ्रेमला वेळ मिळतो फक्त १६.६७ मिलिसेकंद. १२० फ्रेमचा मॉनिटर असेल तर जेमतेम ८.३३. स्फोट पहिल्यांदा दिसणार त्याच क्षणी त्याचा शेडर भाषांतरित करायला घेतला आणि त्याला १०० मिलिसेकंद लागले, तर ६० फ्रेमच्या हिशोबाने तब्बल सहा फ्रेम हातच्या गेल्या. डोळ्यांना तो झटका लगेच जाणवतो.

थोडक्यात, तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार. एकदा विहीर खणली की पाणी मिळतं, म्हणजे भाषांतरित शेडर डिस्कवर साठवला जातो. या साठ्याला शेडर कॅश म्हणतात. म्हणूनच दुसऱ्यांदा तोच स्फोट झाला तर गेम अडखळत नाही.

प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर हा त्रास जवळपास नसतो. एका मॉडेलच्या प्रत्येक कन्सोलमध्ये चिप तीच असते. त्यामुळे स्टुडिओ शेवटचं भाषांतरही आधीच करून देतो. पीसीवर मात्र कार्ड किती, ड्रायव्हरच्या आवृत्त्या किती, याची गणती नाही.

आधी नव्हता, मग आत्ताच का वाढला?

याचं उत्तर डायरेक्टएक्सच्या इतिहासात आहे. विंडोजवरचा गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधला दुभाषा म्हणजे डायरेक्टएक्स. २००९ मध्ये विंडोज ७ सोबत आलेल्या डायरेक्टएक्स ११ मध्ये बरीच कामं ड्रायव्हर पडद्याआड सांभाळायचा. प्रोग्रॅमरचं काम सोपं होतं, पण ड्रायव्हर नेमकं काय आणि कधी करतोय हे त्याला कळत नसे. शिवाय प्रोसेसरच्या अनेक कोअरचा पुरेपूर उपयोगही होत नसे.

२०१५ मध्ये विंडोज १० सोबत डायरेक्टएक्स १२ आलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ख्रोनोस ग्रुपने व्हल्कन आणलं. दोघांचा विचार सारखाच होता: सूत्रं प्रोग्रॅमरच्या हाती द्यायची. शेडर आणि चित्र काढण्याच्या इतर सेटिंग्ज यांचा एकच गठ्ठा बांधायचा, ज्याला पाइपलाइन स्टेट ऑब्जेक्ट किंवा पीएसओ म्हणतात. असे सगळे पीएसओ प्रोग्रॅमरने लोडिंगच्या वेळीच तयार करून ठेवावेत, अशी अपेक्षा होती.

कागदावर हे छान होतं. पण आजच्या गेममध्ये मटेरियल फक्त प्रोग्रॅमर बनवत नाहीत. कलाकार आपापल्या टूलमध्ये ठोकळे जोडून नवनवी मटेरियल बनवतात आणि प्रत्येकातून नवे शेडर जन्माला येतात. कोणता पीएसओ कधी लागेल याची पूर्ण यादी स्टुडिओकडेही सहज नसते. यादीतून सुटलेला प्रत्येक पीएसओ म्हणजे खेळाडूच्या वाट्याचा एक संभाव्य झटका.

डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’चं उदाहरण बघा. पीसीवर तो इतका अडखळत होता की स्टीमवर पहिल्याच दिवशी नाराज रिव्ह्यूंचा ढीग लागला. त्यानंतर लगोलग पॅच आणावा लागला.

गेम बनवणाऱ्यांकडे कोणते उपाय आहेत?

पहिला उपाय: सुरुवातीलाच सगळं करून टाका. गेम उघडल्यावर ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी दिसते, ती हीच. खेळताना झटके कमी होतात, पण सुरुवातीला वाट बघावी लागते. मार्च २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’मध्ये ही वाट इतकी लांबली की त्यावरूनच खेळाडू वैतागले.

दुसरा उपाय: इंजिनने आधीच अंदाज बांधावा. एपिक गेम्सच्या अनरिअल इंजिनमध्ये याला पीएसओ प्रीकॅशिंग म्हणतात. २०२२ च्या अखेरीस आलेल्या ५.१ आवृत्तीत ते प्रायोगिक स्वरूपात आलं आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये सुधारत गेलं. एखादी वस्तू लोड होतानाच तिला लागू शकतील असे पीएसओ मागच्या बाजूला तयार व्हायला लागतात. पण स्टुडिओने जुनी आवृत्ती वापरली असेल किंवा इंजिनमध्ये स्वतःचे बदल केले असतील, तर फायदा आपोआप मिळत नाही.

तिसरा उपाय: व्हल्कनमधला. २०२२ मध्ये आलेल्या ग्राफिक्स पाइपलाइन लायब्ररी या सोयीमुळे पीएसओ तुकड्यातुकड्यांनी आधीच तयार करता येतो. ऐन वेळी फक्त तुकडे जोडायचे, आणि ते काम खूप लवकर होतं. लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या डीएक्सव्हीकेने २.० आवृत्तीपासून याचा वापर सुरू केला.

चौथा उपाय: तयार माल घरपोच. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकमध्ये चिप ठरलेली असल्याने व्हॉल्व्ह कंपनी भाषांतरित शेडर डाउनलोडसोबतच पाठवते. यामागे फॉसिलाइझ नावाचं ओपन सोर्स टूल आहे, जे लागणाऱ्या पीएसओंची नोंद ठेवतं.

मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये हीच कल्पना विंडोजवर आणली. नाव आहे अ‍ॅडव्हान्स्ड शेडर डिलिव्हरी. स्टुडिओ गेममधल्या पीएसओंची नोंद तयार करतो, त्यावरून वेगवेगळ्या कार्डांसाठी आणि ड्रायव्हरसाठी शेडर आधीच भाषांतरित होतात आणि गेम डाउनलोड होतानाच तुमच्याकडे येतात. सुरुवात ऑक्टोबर २०२५ मध्ये बाजारात आलेल्या आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय या हँडहेल्डपासून झाली. अर्थात यात स्टुडिओ, स्टोअर आणि ग्राफिक्स कार्ड कंपनी या तिघांनी साथ द्यावी लागते. त्यामुळे सगळ्या पीसींचा प्रश्न एका रात्रीत सुटणार नाही.

इथे अ‍ॅजिलिटी एसडीके हे नावही लक्षात ठेवा. पूर्वी डायरेक्टएक्समधल्या नव्या सोयी विंडोज अपडेटबरोबरच यायच्या. खेळाडूंनी अपडेट घेतलं नाही की स्टुडिओचे हात बांधलेले. २०२१ पासून स्टुडिओ डायरेक्टएक्स १२ ची नवी आवृत्ती गेमसोबतच देऊ शकतात.

प्रोग्रॅमर दोष शोधतात कसा?

यासाठी दोन टूल खूप वापरली जातात आणि दोन्ही मोफत आहेत. रेंडरडॉक हे बाल्डर कार्लसन या प्रोग्रॅमरने बनवलेलं ओपन सोर्स टूल. ते गेमची एक फ्रेम पकडतं आणि ती कशी रंगवली गेली हे एकेक टप्प्याने उलगडून दाखवतं. चित्रात काय चुकलं हे शोधायला ते उत्तम. पण वेळ कुठे गेला हे बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं पिक्स कामी येतं. मूळचं एक्सबॉक्ससाठीचं हे टूल २०१७ पासून विंडोजवर मिळतं. कोणत्या क्षणी कोणता पीएसओ तयार होत होता आणि फ्रेम त्यासाठी किती थांबली, हे त्यात दिसतं. गेम प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या छोट्या प्रोजेक्टवर ही दोन्ही टूल जरूर वापरून बघावीत.

मात्र एक पथ्य पाळावं लागतं. स्टुडिओतल्या पीसीवर कॅश आधीच भरलेली असते, त्यामुळे तिथे झटका दिसतच नाही. चाचणी दरवेळी कॅश रिकामी करूनच घ्यावी लागते.

तुम्ही काय करू शकता?

• झटका शेडरचा आहे का, हे तपासा. तोच भाग लगेच पुन्हा खेळा. झटका फक्त पहिल्यांदाच आला तर संशय शेडरवर. त्याच जागी दरवेळी येत असेल तर कारण वेगळं असू शकतं: नवा परिसर लोड होणं, मेमरी कमी पडणं किंवा डिस्क मंद असणं.

• सुरुवातीची पट्टी पूर्ण होऊ द्या. ती टाळता येत असली तरी टाळू नका.

• ‘पीसी सुपरफास्ट करा’ छापाचे रील बघून शेडर कॅश उडवू नका. विंडोजच्या डिस्क क्लीनअपमध्ये ‘डायरेक्टएक्स शेडर कॅश’ असा पर्याय असतो. तो वापरलात तर सगळी भाषांतरं पुन्हा करावी लागतात. चित्रात बिघाड दिसत असेल तरच हा उपाय करा.

• ड्रायव्हर अपडेट केल्यावर गेम थोडा वेळ अडखळला तर घाबरू नका. नव्या ड्रायव्हरला जुनी कॅश बहुधा चालत नाही.

• एनव्हिडियाचं कार्ड असेल आणि डिस्कवर जागा असेल, तर कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशची मर्यादा वाढवता येते.

• रिफंडचं घड्याळ सांभाळा. स्टीमवर साधारणपणे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मागता येतात. पण गेम उघडा असतानाचा वेळ खेळण्यातच धरला जातो, मग तुम्ही फक्त शेडरच्या पट्टीकडे बघत बसला असलात तरी! पट्टीवर अर्धा तास गेला तर गेम पारखायला उरतो दीड तास. त्यामुळे पट्टी लांबणार असं दिसलं तर वेळेची नोंद ठेवा आणि निर्णय दोन तास भरण्याआधी घ्या.

आणि पुढच्या वेळी चांगलं कार्ड असूनही गेम पहिल्याच दिवशी अडखळला, तर नव्या कार्डासाठी पैसे काढण्याआधी आठवडा-दोन आठवडे पॅचची वाट बघा. कार्डाचा खर्च कदाचित वाचेल.