बाबासाहेबांची पीडीएफ आणि चोरीचा शिक्का



परवा अंकुशनगरला कारखान्याजवळ आम्ही चार पोरं बसलो होतो. एकाने ‘रिडल्स इन हिंदुइझम’ची पीडीएफ ग्रुपवर टाकली. दुसरा लगेच म्हणाला, “दादा, ही पायरसी झाली ना?” प्रश्न टाळण्यासारखा नाही.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अधिवेशनच रद्द केलं, तेव्हा बाबासाहेबांनी आपलं भाषण स्वतः छापलं. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत गुजराती आणि तमिळ भाषांतरं झाल्याचं ते सांगतात. त्यात तक्रारीचा सूर नाही.

१९५६ नंतर काय झालं? अप्रकाशित हस्तलिखितं आधी दिल्लीत न्यायालयाच्या ताब्यात, मग महाराष्ट्राच्या महाप्रशासकाकडे पडून राहिली. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड उच्च न्यायालयात गेले. मागणी साधी होती: मला छापू द्या, नाहीतर सरकारने छापावं. १९७६ ला समिती झाली, १९७९ ला वसंत मून यांनी संपादित केलेला पहिला खंड आला. म्हणजे निर्वाणानंतर तब्बल २३ वर्षांनी!

आता कायदा बघा. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं कॉपीराइट, असा १९५७चा नियम होता. १९९१ अखेर रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचे विश्वभारतीचे हक्क संपणार होते, म्हणून सरकारने ५० ची ६० वर्षं केली. टागोरांबद्दल आदरच आहे, पण त्या बदलामुळे २००७ ला मोकळी होणारी बाबासाहेबांची पुस्तकं २०१७ पर्यंत अडली. आणि ही मोकळीकही त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांनाच. मरणोत्तर प्रकाशित साहित्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. ‘रिडल्स’ आलं १९८७ ला, म्हणजे मुदत २०४७ अखेरपर्यंत. पोराची शंका कायद्याने अगदीच चुकीची नव्हती.

पण छापील खंड मिळतात का? छपाई रखडल्याच्या बातमीवरून डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घ्यावी लागली. पुस्तक दुकानात ठेवायचं नाही आणि वाचणाऱ्याला चोर म्हणायचं, हा कुठला न्याय? माझ्या लेखी चोर तो, जो बाबासाहेबांची वाक्यं कापून, बदलून त्यांच्याच नावाने विकतो.

त्या पोराला मी एवढंच म्हणालो, भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हे इंग्रजी खंड फुकट ठेवलेत. तिथली लिंक टाक ग्रुपवर.