वास्तू आणि त्यांची नावे : मुंबईच्या कोटातील इमारतींच्या इतिहासाचे एक उपेक्षित साधन

मुंबईच्या कोटातील भव्य इमारतींचा इतिहास मुख्यत्वेकरून वास्तुशिल्पज्ञांचे आराखडे आणि सरकारी दप्तरे यांच्या आधारे लिहिला जातो. त्यामुळे इमारत कोणी कल्पिली हे कळते. परंतु ती उभी राहण्यापूर्वी त्या जागी काय होते आणि लोकांनी तिचा स्वीकार कसा केला, हे प्रश्न मागे पडतात. लोकांच्या तोंडी असलेली स्थलनामे आणि वास्तुनामे या बाबतीत स्वतंत्र साधन ठरतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सर बार्टल फ्रियर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकीर्दीत कोटाचे तट पाडण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात आलेला पैसा आणि तट गेल्यामुळे मोकळी झालेली जागा यांच्या योगाने नव्या इमारतींना अवसर मिळाला. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा यांपैकी एकही इमारत उभी नव्हती; १८७८ पर्यंत सचिवालय, विद्यापीठ व उच्च न्यायालय पूर्ण झाले होते. तट गेले, तरी ‘कोट’ हा शब्द राहिला. सेंट टॉमसच्या देवळाकडे जाणारा तटाचा दरवाजाही पाडला गेला. त्याचे ‘चर्चगेट’ हे नाव मात्र रेल्वे स्थानकाने पुढे चालविले.

बोरीबंदर हे उदाहरण अधिक बोलके आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी येथूनच ठाण्यास गेली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार स्थानकाच्या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले व दहा वर्षे चालले. १८८७ मध्ये राणीच्या ज्युबिलीनिमित्त तिला ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव मिळाले. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस असे नामांतर झाले व २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हे पद जोडले गेले. ‘बोरीबंदर’ हे नाव या सर्वांहून जुने. ‘बोरी’ या पदाची व्युत्पत्ती कोणी बोरीच्या झाडांशी, तर कोणी मालाच्या पोत्यांशी जोडतात. ‘बंदर’ या पदाविषयी मात्र संदेह नाही. आगगाडीच्या आधी येथे धक्का होता, ही गोष्ट इमारतीकडे पाहून कळत नाही. नाव उच्चारताच कळते.

अपोलो बंदराचा ग्रीक देवतेशी संबंध नाही. ‘पालव’ या देशी नावाचे इंग्रजी कानाने केलेले ते रूपांतर मानले जाते. १९२४ मध्ये खुले झालेले जॉर्ज विटेट यांचे गेटवे ऑफ इंडिया याच पालवा बंदरावर उभे आहे.

तथापि हे साधनही निर्दोष नाही. विद्यापीठाच्या मनोऱ्याचा आराखडा करणारे सर गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत, आणि त्यांचे नाव लोकांच्या ओठी बसले नाही. बसले ते देणगीदार प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे. पण याच मनोऱ्यावरील पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींच्या मूर्तींचे नमुने घडविणारे साहाय्यक अभियंता रावबहादुर मुकुंद रामचंद्र, किंवा बोरीबंदरच्या कामावरील साहाय्यक अभियंता सीताराम खंडेराव यांची नावे लोकस्मृतीतही उरली नाहीत. लोकभाषा दात्याला स्मरते, कारागिराला विसरते. म्हणून नावे व दप्तरे एकमेकांशी ताडून पाहणे अवश्य ठरते.

काळा घोडा या नावाचा क्रम तर उलटा आहे. एडवर्ड राजपुत्राचा १८७९ मध्ये उभारलेला अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तेथून हलविण्यात येऊन पुढे भायखळ्यास गेला. लोकांनी स्वाराचे नाव कधी घेतले नव्हते. त्यांनी घोडाच तेवढा ओळखला होता. वस्तू गेल्यावरही नाव टिकले आणि २०१७ मध्ये त्याच परिसरात स्वाराविना घोडा उभारला गेला. येथे नावाने वस्तू घडविली.

खाडीपलीकडे हीच प्रक्रिया आज चालू आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या वसाहतींतील भागांना सेक्टरचे क्रमांक आहेत. पनवेललगतच्या करंजाडे वसाहतीला मात्र मूळ गावाचेच नाव लाभले आहे. क्रमांकांच्या जोडीने तेथील चौकांना, इमारतींना रहिवासी कोणती नावे देतात, याची नोंद आताच झाली पाहिजे. कोटाच्या बाबतीत ती वेळेवर न झाल्याने ‘बोरी’ व ‘पालव’ यांविषयी आज तर्कावर विसंबावे लागते.